न घेतलेल्या रजा

तरतूदराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. तान्ह्या बाळाकडे बघून असलं नाव कुठल्या आईला सुचेल? हे नाव ऑफिसने ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की एकदा बँकेतल्या बाईंनी फोनवर त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा "राँग नंबर" म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. निदान ते स्वतः तरी तसं सांगत. आपली फजिती सांगायला त्यांना दुसऱ्या कोणाची गरज पडत नसे.

ते पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत पगार आणि लाभ विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून असलेली एक लांबट खोली, चार टेबलं आणि एक खिडकी. खिडकी उघडली की कॅन्टीनच्या तळणाचा वास यायचा आणि बंद केली की प्रिंटरच्या तापलेल्या शाईचा. "चार टेबलांचा प्रमुख आहे मी," ते म्हणत. "त्यातल्या एका टेबलावर नुसता प्रिंटर बसतो, आणि तोही माझं ऐकत नाही."

लोकांना वाटतं, कंपनी महिन्याच्या शेवटी पगार देते आणि हात झटकून मोकळी होते. हे ऐकलं की तरतूदरावांना चेव यायचा. नव्याने लागलेल्या मुलामुलींना कंपनीची माहिती देण्यासाठी त्यांना अर्धा तास मिळायचा आणि तो ते हमखास लांबवत. "आज सकाळी तुम्ही गेटातून आत आलात ना, तेव्हापासून कंपनीच्या डोक्यावर तुमचं देणं चढायला लागलं," ते सांगत. "पगार हा नुसता डोळ्यांना दिसणारा भाग. तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा एकरकमी पैसे मिळतील. ते मिळणार पुढे, पण कमावताय तुम्ही आजपासून. म्हणून त्याचा एक तुकडा आजच्याच खर्चात धरायचा. यंदाची रजा यंदा घेतली नाहीत? तीही आम्ही विसरत नाही. काम यंदा केलंत, सुट्टी पुढे कधीतरी घेणार, म्हणजे देणं यंदाचंच झालं. त्याचीही तरतूद करायची." मुलं माना खाली घालून वह्यांत लिहीत. एकदा मागच्या रांगेत एक वही उघडी राहिली. तीत तरतूदरावांचं चित्र होतं आणि पोट जरा हात सोडून काढलेलं होतं. त्यांनी ते चित्र मागून घेतलं आणि आपल्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ते आवर्जून दाखवत आणि पोटावर हात ठेवून म्हणत, "ही मात्र तरतूद नाही, साठा आहे."

निवृत्तीच्या पैशांचं गणित बाहेरचा एक तज्ज्ञ करायचा. दरवर्षी त्याच्याकडे सगळ्यांची वयं, नोकरीची वर्षं आणि पगार पाठवायचे. मग तो सांगे, अमुक वयाच्या लोकांतले साधारण किती नोकरी सोडतील, किती शेवटपर्यंत टिकतील आणि किती त्याआधीच वरची वाट धरतील. सगळा अंदाजाचा मामला. तो थोडाफार चुकायचाच, आणि जेवढा चुकला तेवढा फरक पुढच्या वर्षीच्या हिशेबात दाखवला की गणिती सुटला. तरतूदरावांच्या वयाच्या गटापुढे सोडून जाण्याचं प्रमाण जवळजवळ शून्य असायचं. पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला आता बाहेर कोणी विचारणार नाही, असं हा कोण कुठला माणूस परस्पर ठरवतो म्हणजे काय! त्यांनी चार ठिकाणी अर्ज करायचं ठरवलं. मग वर्षअखेरीचं काम आलं, अर्ज राहून गेले आणि गणिती बरोबर निघाला.

या सगळ्यात त्यांची स्वतःची म्हणावी अशी एकच निर्मिती होती. ती म्हणजे एकूण लाभ पत्रक. एखाद्याने राजीनामा दिला की त्याचा साहेब तरतूदरावांना फोन करायचा. मग ते त्या माणसासाठी दोन पानी पत्रक तयार करत. तुझा पगार तर दिसतोच आहे, पण तुझ्यासाठी कंपनी आणखी काय काय करते ते बघ: बसचं भाडं, कॅन्टीनच्या जेवणातला कंपनीचा वाटा, दवाखान्याचा विमा, गणवेश, निवृत्तीचा तुकडा, शिल्लक रजेची किंमत. प्रत्येक गोष्टीचं मोल काढून शेवटी ठळक अक्षरांत बेरीज. पहिल्या वर्षी त्यांनी पिण्याचं थंड पाणीही धरलं होतं, पण साहेबांनी ते खोडलं. माणूस ही बेरीज वाचेल, त्याचे डोळे उघडतील आणि तो राजीनामा मागे घेईल, अशी त्यामागची कल्पना होती.

तसं कधीच झालं नाही. लोक पत्रक वाचत, "बरं आहे" म्हणत आणि ठरल्या तारखेला निघून जात. वेल्डिंगमधला एक उस्ताद जाताना खास तिसऱ्या मजल्यावर चढून आला आणि म्हणाला, "साहेब, एवढं सगळं देत होतात तर जरा तोंडाने का नाही बोललात? आठ वर्षांत मला कोणी 'बरं काम करतोस' म्हटलं नाही." तरतूदरावांनी ते मनावर घेतलं. पुढच्या पत्रकापासून त्यांनी बेरजेची अक्षरं आणखी ठळक केली.

पत्रकाने आजवर एकच माणूस थांबवला होता, आणि तो म्हणजे खुद्द तरतूदराव. एका भरात त्यांनी एकदा राजीनामा लिहून दिला होता. कारण इतकंच की नव्या साहेबाने त्यांच्या देखत प्रिंटरचं कौतुक केलं होतं. साहेबाने रीतीप्रमाणे पत्रक मागवलं. ते बनवणारा दुसरा कोणी नव्हताच. तरतूदराव स्वतःच्याच लाभांची बेरीज करत बसले आणि शेवटच्या ओळीला येईपर्यंत त्यांचे डोळे भरून आले. अशी कंपनी सोडणारा माणूस मूर्खच असला पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटलं आणि दुपारच्या चहाच्या आत त्यांनी राजीनामा परत घेतला. ही गोष्ट सांगून ते स्वतः सगळ्यांच्या आधी हसत. एवढं झाल्यावर तरी पत्रकावरचा विश्वास उडायला हवा होता. उलट तो वाढला.

त्यांची बायको सरकारी रुग्णालयात वॉर्ड सांभाळत होती. गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणत. कोणाचं बोट कापलं, कोणाच्या म्हाताऱ्याला धाप लागली, की आधी सिस्टर आणि मग डॉक्टर. कमी बोलणारी बाई. दिवसभर लोकांना धीर देऊन देऊन घरी येईपर्यंत तिच्याकडचे शब्द संपलेले असत, असा तरतूदरावांचा समज होता. मुलगा शिकून दूरच्या शहरात नोकरीला लागल्यापासून घरात दोघंच होती. तरतूदराव बोलत आणि सिस्टर ऐकत, आणि अशानेच संसार चालतो अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्या सोमवारी सिस्टर जेवता जेवता म्हणाल्या, "अहो, मला मेट्रन म्हणून बोलावलंय. नवीन रुग्णालय उघडतंय तिकडे. निवृत्तीपर्यंत तिथेच राहावं लागेल. महिन्यातून दोनदा येता येईल घरी."

त्यांनी शहराचं नाव सांगितलं. बसने जायचं तर अख्खी सकाळ मोडेल इतकं ते लांब होतं.

"मेट्रन!" तरतूदराव म्हणाले. "म्हणजे सगळ्या नर्सच्या वर?"

"हो. शुक्रवारपर्यंत कळवायचंय." सिस्टरनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुम्हाला काय वाटतं?"

आता इथे कोणाही शहाण्या माणसाने दोनांपैकी एक काहीतरी बोलायला हवं होतं. तरतूदरावांच्या डोळ्यांपुढे आलं ते संध्याकाळचं रिकामं घर आणि कुलूप उघडून आत शिरणारे एकटे आपण. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं: "दोन्ही बाजूंचा विचार करावा लागेल."

सिस्टरनी ताटं उचलली.

मंगळवारी तरतूदरावांनी विचार केला आणि बुधवारीही केला. विचार म्हणजे काय, तर "जाऊ नकोस" हे दोन शब्द म्हणायचे कसे, एवढंच. बाईने इतकी वर्षं लोकांच्या उशापायथ्याशी काढली, आज तिला मान मिळतोय, आणि आपण म्हणायचं जाऊ नकोस? आणि कारण काय सांगायचं, तर मला एकट्याला घरात भीती वाटते? या वयात? या पोटासकट? मनातल्या मनात म्हणून बघतानाही त्यांना कानकोंडं झालं. तेव्हा आयुष्यभर घाबरल्यावर जे केलं तेच त्यांनी याही वेळी केलं. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत रकाने आखायला घेतले.

पलीकडच्या टेबलावर हजेरीताई बसत. साऱ्या कंपनीच्या हजेरीचा आणि रजांचा हिशेब त्यांच्याकडे होता आणि कोण खरंच आजारी आहे आणि कोण मेहुणीच्या लग्नाला गेलाय हे त्या आवाजावरून ओळखत. डबा उघडता उघडता त्यांनी मान वळवली.

"कोणाचं पत्रक? मला न कळता कोणी राजीनामा दिला?"

"आपल्या कंपनीतला नाही."

हजेरीताई उठून त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं वाचू लागल्या. निवास. वीज, पाणी. पतीच्या कंपनीचा दवाखाना विमा. ड्युटीवर नेणं-आणणं, स्कूटरने. पतीचा सहवास.

"राव," त्या हळूच म्हणाल्या, "हे तुम्ही घरी नेणार आहात?"

"नुसतं माहितीसाठी. तिला निर्णय घ्यायला सोपं जाईल." तरतूदरावांनी चष्मा पुसला. "बरं झालं आलात. या सहवासाला काय भाव लावू?"

"बाजारभाव लावा."

"बाजारात मिळतो?"

"मिळत असता तर आम्ही केव्हाच बदलून आणला असता!" हजेरीताई हसून हसून खोकायला लागल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "राव, माझं ऐका. पुसून टाका आणि जाताना तिच्यासाठी काहीतरी खायला घेऊन जा."

तरतूदरावांनी सहवासापुढे 'नाममात्र' असं लिहिलं आणि पुढे सरकले.

आणि पुढच्याच ओळीला त्यांची गाडी अडली. पत्रकाच्या साच्यात ती ओळ होतीच: शिल्लक रजा. ती त्यांनीच घातलेली होती आणि नवीन मुलांपुढे ते सगळ्यात जास्त घसा खरवडत ते याच ओळीसाठी. आता सिस्टरच्या घरातल्या रजा मोजायच्या. रुग्णालयातल्या रजा वेगळ्या, त्या त्यांना मिळत होत्या. पण त्या गेल्या कुठे? एक अख्खी रजा तरतूदरावांच्या आईच्या शेवटच्या आजारपणात गेली. मुलाच्या परीक्षांना काही गेल्या. त्यांच्या स्वतःच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला बऱ्याच गेल्या आणि त्यानंतर "अजून दुखतंय" म्हणून त्यांनी लांबवलेल्या दिवसांना आणखी काही. म्हणजे रुग्णालयातून सुट्टी घेऊन बाई घरात ड्युटीला येत होती. आणि घरातून सुट्टी? आठवड्याची, महिन्याची, कसलीही? तरतूदरावांनी डोकं खाजवलं. एकदा सिस्टरना चांगलाच ताप भरला होता, तेव्हा स्वयंपाक त्यांनी केला होता. पण मीठ कुठे, तेल कुठे, गॅस बारीक करा, हे सगळं त्या अंथरुणातूनच सांगत होत्या. ही रजा धरायची का? फार तर अर्धी.

तरतूदराव कसेही असले तरी हिशेबात खोटेपणा करणारे नव्हते. त्यांनी लग्नापासूनची न घेतलेली रजा मांडली आणि तिला भाव लावला. तो आकडा निवास, वीज, विमा आणि स्कूटर सगळ्यांना गिळून वर ढेकर देण्याइतका मोठा निघाला. मोठा आकडा, आणि तोही त्यांच्याच नावावर चढलेला. पत्रक काढायला घेतलं होतं बायकोला काय काय मिळतं ते दाखवायला, आणि निघालं भलतंच.

तेव्हा त्यांना कंपनीचा नियम आठवला. ठरावीक मर्यादेवर साठलेली रजा वर्षअखेरीस बुडते. न घेतलेली रजा कंपनीला जन्मभर सांभाळणं परवडत नाही, म्हणून हा नियम. त्यांनी एक ओळ वाढवली: वजा – मर्यादेबाहेर गेल्याने बुडालेली रजा. आकडा एकदम माणसात आला. सिस्टरना मिळणारं पुन्हा त्यांच्या येण्याहून जास्त दिसू लागलं. तरतूदरावांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी निवांतपणे डबा उघडला.

शेवटी साच्याप्रमाणे तळाला बारीक अक्षरांत हिशेबामागचे अंदाज लिहायचे होते. गणिती जसे लिहायचा तसेच त्यांनी लिहिले. महागाई, अमुक. सोडून जाण्याचं प्रमाण, शून्य.

संध्याकाळी सिस्टर ड्युटीवरून आल्या आणि नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात खुर्ची ओढून कोमट पाण्याच्या टबात पाय घालून बसल्या. दिवसभर उभं राहून त्यांचे घोटे सुजायचे. तरतूदरावांनी चहा केला. तो त्यांनी आपणहून केला, एवढ्यावरूनच सिस्टरना शंका आली असावी. मग त्यांनी दोन पानं पुढे केली.

"हे काय? डिस्चार्जचे कागद?"

"तू विचारलं होतंस ना, मला काय वाटतं. तर सगळं एकदा नीट मांडलंय."

सिस्टरनी चष्मा लावला. रुग्णाच्या पायथ्याशी टांगलेला तक्ता वाचावा तसं त्या वाचू लागल्या, वरपासून, घाई न करता, बोट फिरवत.

"निवास. या घराचे निम्मे हप्ते माझ्या पगारातून गेलेत."

"म्हणून निम्मंच धरलंय," तरतूदराव तत्परतेने म्हणाले.

"ड्युटीवर सोडणं. पावसात तुमची स्कूटर बंद पडते तेव्हा ढकलत कोण नेतं?"

"ते धरायचं राहिलं."

"पतीचा सहवास, नाममात्र." त्या पहिल्यांदा हसल्या. "हे मात्र अचूक आहे."

तरतूदरावही हसले. काम होतंय असं त्यांना वाटलं. मग बोट पुढच्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं.

"एवढा मोठा आकडा कसला हा?"

"न घेतलेल्या रजा."

"कोणाच्या?"

"तुझ्या. घरातल्या."

सिस्टरनी तो आकडा पुन्हा एकदा वाचला. तो पैशांत होता, पण तो वाचताना त्या पैसे वाचत नव्हत्या हे तरतूदरावांनाही कळलं. "मी घेतल्या नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं?" त्या म्हणाल्या.

"आज हिशेब केला तेव्हा कळलं."

"आणि ही खाली वजाबाकी कसली?"

"ती..." तरतूदरावांचा आवाज जरा खाली आला. "ती बुडालेली. म्हणजे नियमच आहे तसा. फार साठली की बुडते."

"हा नियम मला कधी सांगितलात?"

तरतूदराव टबातल्या पाण्याकडे बघत राहिले.

"कंपनीत तरी लोकांना सांगता का?"

"दरवर्षी नोटीस लावतो. गेटवर, कॅन्टीनमध्ये. लोकांनी रजा घ्यावी म्हणून. शिवाय हजेरीताई एकेकाला फोन करतात."

"आपल्याकडे कुठे लावली होती नोटीस?"

नोटीस न देता कोणाची रजा बुडवता येत नाही, हे तर पगार आणि लाभ विभागाचे प्रमुख स्वतःच लोकांना सांगत. त्यांनी खिशातलं पेन काढलं, बुडालेल्या रजेची ओळ आडवी खोडली आणि बेरीज नव्याने केली. मग बायकोपुढे कागद धरला. पत्रकाचा पार निकाल लागला होता. सगळ्या लाभांसकट तरतूदराव गळ्यापर्यंत देण्यात होते.

"मीच बनवलेला साचा आहे हा," ते म्हणाले. "पंचवीस लोकांवर चालवला, माझ्याशिवाय कोणी थांबलं नाही. आता मलाच विकायला काढलं त्याने."

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांचं बोट तळाच्या बारीक अक्षरांवर होतं. "सोडून जाण्याचं प्रमाण, शून्य. हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच लिहिलं. आजवरच्या अनुभवावरून."

"आजवर मला दोनदा असं बोलावणं आलं होतं."

तरतूदरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कधी?"

"एकदा तुमच्या आई अंथरुणाला खिळलेल्या होत्या तेव्हा. आणि एकदा पोराचं शेवटचं वर्ष होतं. दोन्ही वेळा मी नाही म्हणून कळवलं."

"मला का नाही बोललीस?"

"बोलून काय होणार होतं?" सिस्टरनी चष्मा काढला. "तुम्ही दोन्ही बाजूंचा विचार केला असता."

हे वर्मी लागलं. तरतूदरावांनी आजवर स्वतःची जितकी टिंगल केली होती, तिच्यात ही गोष्ट कुठेच नव्हती. पोटावर, प्रिंटरवर, राजीनाम्यावर सगळ्यांना हसवून झालं होतं. पण आपल्या बायकोने दोनदा मोठी जागा सोडली आणि ते आपल्याला सांगावंसंही तिला वाटलं नाही, या गोष्टीवर हसायचं कसं हे त्यांना कळेना. हसणं सोपं होतं, म्हणून इतकी वर्षं ते हसत आले होते, हेही त्यांना त्या खुर्चीवर बसल्या बसल्या उमगलं.

सिस्टरनी दोन्ही पानं दुमडून ओट्यावर ठेवली. "आता कागद नको. मी जाऊ का नको, एवढंच सांगा."

"जाऊ नकोस," तरतूदराव म्हणाले.

शब्द इतक्या पटकन बाहेर आले की ते स्वतःच दचकले. मग एकदा बांध फुटल्यावर त्यांना आवरेना. "जाऊ नकोस गं. मला नाही राहता येणार. तू रात्रपाळीला असतेस तेव्हाही मी दिवा लावून झोपतो, तुला माहीत नाही. मी दिवसभर लोकांना हसवतो ते संध्याकाळी तुला सांगता यावं म्हणून. तू नसलीस तर कोणाला सांगू? तुझ्या भल्याचं मला कळतंय सगळं. मेट्रन व्हायला हवंस तू, आधीच व्हायला हवं होतंस. पण तू विचारतेस मला काय वाटतं, तर मला हे वाटतं. तू जाऊ नयेस."

सिस्टरनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण त्या रडल्या नाहीत. टबातलं पाणी पार थंड झालं होतं.

"हे सोमवारीच म्हणायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या.

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही. तरी गेलेच असते." त्यांनी पाय बाहेर काढून टॉवेलाने पुसले. "पण तीन रात्री झोपले तरी असते. मला वाटत होतं, मी असले काय नि नसले काय, यांना सारखंच. अशा घरातून निघायचं म्हणजे पळून गेल्यासारखं वाटतं हो. आता नीट जाईन."

"म्हणजे जाणार."

"जाणार."

तरतूदरावांनी मान हलवली. कागदाने थांबवलं नाही आणि जिभेनेही थांबवलं नाही. पण जिभेचं निदान कोणीतरी ऐकून घेतलं होतं.

पंधरवड्याने ते सिस्टरना पोचवायला गेले. नवीन रुग्णालयाच्या मागे कर्मचाऱ्यांची घरं होती आणि भिंतींना अजून रंगाचा वास होता. सिस्टरना मिळालेली खोली लहानशी होती: एक पलंग, एक कपाट, एक खुर्ची आणि मोकळ्या मैदानाकडे उघडणारी खिडकी. तरतूदरावांनी दोन्ही बॅगा आत आणल्या, कपाटाची दारं उघडून-मिटून पाहिली, नळ सोडून पाहिला, पलंग हलवून पाहिला. सिस्टर खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसल्या. चपला काढल्या आणि पाय पलंगाच्या कडेवर टेकवले. भर दुपारची वेळ होती. ड्युटी दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होती आणि त्यांना करायला काही म्हणता काही नव्हतं. त्या नुसत्या बाहेर बघत होत्या. बायको अशी बसलेली तरतूदरावांनी लग्नापासून पाहिली नव्हती. त्यांनी हाक मारली नाही, नुसत्या बॅगा भिंतीकडे सरकवल्या.

"निघा आता," सिस्टर मान न वळवता म्हणाल्या. "बस चुकेल."

बसमध्ये खिडकीशेजारची जागा मिळाली. गावाबाहेर पडेपर्यंत त्यांनी धीर धरला आणि मग रुमाल काढला. शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. थोडा वेळ ते इकडेतिकडे बघत राहिले. शेवटी त्यांना राहवेना.

"काय झालं हो? घरी काही वाईट?"

"नाही, नाही," तरतूदराव म्हणाले. "बायको मेट्रन झाली."

"अहो, मग रडता कशाला? चांगलंच झालं की!"

"हो, चांगलंच झालं," तरतूदराव म्हणाले आणि रडत राहिले.